हाऊल, सायक्लोस्टाइल आणि गोलपिठा



संयोजकांनी आम्हाला दिलेला विषय तुम्ही पत्रिकेवर वाचला असेलच. 'युद्धोत्तर अमेरिकेतील बंडखोर लेखक आणि उत्तराधुनिक साहित्याचा उदय'. नाव भारदस्त आहे. येताना वाटेत एका जुन्या स्नेह्यांनी विचारलं, "सर, गासमध्ये बसून अमेरिकेचं काय घेऊन बसलात?" प्रश्न रास्त आहे. आजचा तासभर त्याचं उत्तर देण्यातच घालवावा असं आम्ही ठरवलं. आपण बसलो आहोत तिथून सोपाऱ्याचा स्तूप, म्हणजे लोक ज्याला बुरूड राजाचा कोट म्हणत आले ती जागा, फार लांब नाही. अमेरिकेहून निघून आपल्याला त्या बाजूलाच यायचं आहे. एवढं ध्यानात ठेवा, म्हणजे मध्येच आम्ही भरकटलो असं वाटणार नाही.

आधी अमेरिका, तीही थोडक्यात. १९४४च्या सुमारास न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठाच्या आसपास तीन माणसं एकमेकांना भेटली. ॲलन गिन्सबर्ग हा तिथला विद्यार्थी. जॅक केरुॲक फुटबॉलच्या शिष्यवृत्तीवर आलेला आणि शिक्षण अर्धवट सोडलेला. विल्यम बरोज या दोघांपेक्षा वयाने मोठा, खात्यापित्या घरचा आणि अमली पदार्थांच्या नादी लागलेला. पुढच्याच वर्षी महायुद्ध संपलं. देश जिंकला होता, श्रीमंत होता. सैन्यातून परतलेल्या तरुणांना सरकार कॉलेजात पाठवत होतं, घरासाठी कर्ज देत होतं. बंड कशासाठी, असं कुणालाही वाटेल. पण त्याच देशाने हिरोशिमावर बॉम्ब टाकला होता, आणि त्याच देशात शेजारी कम्युनिस्ट तर नाही ना, अशी चौकशी घरोघर चालू होती. सुखवस्तू घरातल्या मुलाला त्या सुखाचा वास येईनासा झाला की तो घराबाहेर पडतो. केरुॲकने १९५१ साली कागदाला कागद चिकटवून सुमारे १२० फुटांचं भेंडोळं केलं आणि तीन आठवड्यांत त्यावर 'ऑन द रोड' टंकून काढली. ती छापायला १९५७ साल उजाडलं. गिन्सबर्गने ७ ऑक्टोबर १९५५ रोजी सॅन फ्रान्सिस्कोच्या सिक्स गॅलरीत 'हाऊल' ही लांबलचक कविता वाचली. पुढच्या वर्षी सिटी लाइट्स या पुस्तकाच्या दुकानाने ती खिशात मावेल अशा आकाराची काढली. १९५७मध्ये कस्टमने इंग्लंडात छापलेल्या ५२० प्रती पकडल्या, त्यानंतर पोलिसांनी दुकानावर कारवाई केली, आणि ऑक्टोबरात न्यायाधीश क्लेटन हॉर्न यांनी निकाल दिला की कविता अश्लील नाही. खटल्यामुळे पुस्तक जगभर गेलं. या सगळ्या मंडळींना 'बीट' पिढी म्हणतात.

एवढं सांगून झालं की व्याख्याते सहसा म्हणतात, 'आणि मग हे वारं आपल्याकडे आलं.' आम्हीही वर्गात बरीच वर्षं हेच वाक्य म्हणत होतो. ते चुकीचं आहे, निदान अर्धं तरी.

बा. सी. मर्ढेकरांचं 'काही कविता' १९४७ साली आलं. त्यातल्या कवितांवर मुंबईत अश्लीलतेचा खटला झाला आणि मर्ढेकर निर्दोष सुटले. म्हणजे सॅन फ्रान्सिस्कोत 'हाऊल'वर जे झालं ते मुंबईत त्याआधीच होऊन गेलं होतं. फरक एवढाच की त्यांच्या खटल्यावर पुढे सिनेमा निघाला आणि आपल्या खटल्याची आठवण एम.ए.च्या प्रश्नपत्रिकेपुरती राहिली. खटल्यांचं निघालंच आहे तर तेही सांगून टाकतो. कलकत्त्यात 'हंग्री' कवींना १९६४ साली अटक झाली. मलय रायचौधुरी यांना एका कवितेपायी खालच्या कोर्टाने दोनशे रुपये दंड केला, आणि १९६७ साली हायकोर्टाने त्यांना सोडलं. आणि आपल्याकडे वसंत दत्तात्रेय गुर्जरांची 'गांधी मला भेटला' ही कविता. ती आधी पोस्टर म्हणून निघाली होती, १९९४ साली बँक कर्मचाऱ्यांच्या एका अंतर्गत मासिकात छापली गेली, आणि तिचं प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत जाऊन मे २०१५मध्ये तिथे निकाल झाला. निकाल काय, तर मुद्रक-प्रकाशकांनी माफी मागितलेली असल्याने ते सुटले आणि संपादकाने मात्र खटल्याला तोंड द्यावं. 'हाऊल'चा निकाल काही महिन्यांत लागला होता. आपल्याकडे एका कवितेला वीसएक वर्षं पुरली नाहीत.

तर आता १९६२. फेब्रुवारी महिन्यात गिन्सबर्ग आणि त्याचा सोबती पीटर ऑर्लोव्स्की बोटीने मुंबईला उतरले. तिथून दिल्ली. तिथे गॅरी स्नायडर आणि जोॲन कायगर हे कवी दांपत्य त्यांना मिळालं. मग धरमशाला, तिथे दलाई लामांची भेट. मग सांची, अजिंठा, वेरूळ करत पुन्हा मुंबई. पुढे गिन्सबर्ग कलकत्त्यात राहिला, काशीत राहिला, १९६३ साली परत गेला. जाताना काशीहून हार्मोनियम घेऊन गेला आणि पुढे अमेरिकेत कवितावाचनाच्या वेळी तीच वाजवत बसायचा. हा माणूस इथे काही शिकवायला आला नव्हता, मागायला आला होता. गुरू मागत होता, मंत्र मागत होता, आणि हो, गांजाही मागत होता. ते लपवण्यात अर्थ नाही.

मुंबईत त्याला अशोक शहाणे भेटले, अरुण कोलटकर भेटले. दिलीप चित्रे तेव्हा देशात नव्हते, इथिओपियात शिक्षकी करत होते. या तीन नावांभोवती मराठीतल्या लघुनियतकालिकांची चळवळ फिरते. आता तारखा बघा. चित्रे, कोलटकर, रमेश समर्थ या मंडळींनी 'शब्द' नावाचं सायक्लोस्टाइल केलेलं नियतकालिक काढलं ते १९५०च्या दशकाच्या मध्याला. चित्रे तेव्हा सोळा-सतरा वर्षांचे. 'हाऊल' पुस्तक म्हणून तेव्हा बाजारात आलेलंही नव्हतं. शहाण्यांचा 'अथर्व' १९६१चा, गिन्सबर्गची बोट लागण्याच्या आदल्या वर्षीचा. मग नक्कल कुणाची केली?

अर्थात याचा अर्थ असा नाही की इथे सगळं आपोआप, मातीतूनच उगवलं. असं म्हणणारेही आहेत, आणि ते ऐकायला गोड लागतं. पण या लोकांनी अमेरिकन कविता वाचली होती, ब्लूज ऐकलं होतं, फ्रेंच सुर्रिअलिस्ट वाचले होते. आम्हाला वाटतं, बाहेरून आली ती परवानगी. आतला माल आपला होता. आणि तो माल कोणता? तर तुकाराम. गिन्सबर्ग आपल्याकडे संत शोधत हिंडत होता आणि त्याच वर्षांत कोलटकर तुकोबांचे अभंग इंग्रजीत आणत होते, ते १९६६ साली छापले गेले. चित्र्यांनी तर तुकोबांना उभं आयुष्य दिलं. त्यांचं 'सेज तुका' १९९१ साली आलं. कोलटकर जाहिरातीच्या धंद्यातले नावाजलेले चित्रकार, पण अर्जुन शेजवळांकडे पखवाज शिकायला जायचे. अमेरिकन कवीला जे हार्मोनियमच्या रूपाने गाठोड्यात बांधून न्यावं लागलं ते यांना गल्लीच्या टोकाला भजनात मिळत होतं. फक्त त्यांच्या आधीच्या पिढीने ते 'साहित्य' म्हणून वेगळ्या कपाटात ठेवलं होतं.

आता सायक्लोस्टाइलबद्दल बोलू. इथे बसलेल्या तरुण मुलांनी तो शब्दही ऐकला नसेल. मेणाचा थर दिलेला पातळ कागद असतो, त्याला स्टेन्सिल म्हणायचं. त्यावर टंकयंत्राने फीत न लावता टंकायचं किंवा टोकदार लोखंडी लेखणीने लिहायचं. जिथे अक्षर उमटतं तिथलं मेण निघतं. मग तो कागद शाईच्या रुळावर चढवायचा आणि दांडा फिरवायचा. अक्षरातून शाई झिरपते, एकामागून एक प्रती पडतात. शाळेच्या परीक्षेचे पेपर असे निघायचे. बऱ्याच प्रती काढल्या की स्टेन्सिल फाटायला लागते.

याचं महत्त्व काय? तर त्यापूर्वी मराठीत छापून यायचं म्हणजे कुणीतरी तुम्हाला छापावं लागे. मौजेचं 'सत्यकथा' हे त्यातलं सर्वांत मानाचं दार. 'सत्यकथे'ने नवकथा दिली, नवकविता दिली, त्याचं ऋण आहेच. पण दार म्हटलं की दारवान आला. कुठला शब्द साहित्यात बसतो, कुठला नाही, हे तिथे ठरायचं. थोड्या पैशांत, मित्रांच्या वर्गणीत, स्वतःचा अंक निघू शकतो म्हटल्यावर दारवानाची गरजच संपली. अमेरिकेतही नेमकं हेच यंत्र चाललं. एड सँडर्सने १९६२ साली न्यूयॉर्कमध्ये एक सायक्लोस्टाइल मासिक काढलं, त्याचं नाव या सभेत उच्चारण्यासारखं नाही. त्याची बातमी 'व्हिलेज व्हॉइस' नावाच्या साप्ताहिकात वाचून अलाहाबादच्या विद्यार्थ्यांनी, त्यात अरविंद कृष्ण मेहरोत्रा होते, १९६५ साली आपलं 'डॅम यू' काढलं. नाव थोडं सौम्य केलं, एवढंच. आणि त्या अलाहाबादच्या अंकात १९६८ साली कोण छापून आलं? कोलटकर, त्यांची 'द बोटराइड' ही गेटवेच्या बोटफेरीवरची दीर्घ कविता. न्यूयॉर्क, अलाहाबाद, मुंबई. टपाल आणि शाई, दुसरं काही नाही.

मराठीत तर मग लाटच आली. 'असो', 'वाचा', 'येरू', 'फक्त', 'तापसी', 'विद्रोह'. शहाण्यांनी १९६३ साली 'मनोहर'मध्ये त्या वेळच्या मराठी साहित्यावर क्ष-किरण टाकला आणि बड्या बड्या नावांची हाडं दाखवली. भालचंद्र नेमाड्यांनी लेखकाचा लेखकराव कसा होतो ते लिहिलं. ढाले आणि मंडळींनी 'सत्यकथे'च्या अंकाची होळी केली. होळी आम्हाला तेव्हा फार आवडली होती. आज ती आठवली की थोडं अवघडल्यासारखं होतं. अंक जाळणारे आणि अंक जप्त करणारे यांच्या हातात काडी एकच असते.

आमचंही एक पाप यात आहे. १९७० साली आम्ही बी.ए.ला होतो, सकाळी नालासोपाऱ्याहून गाडी पकडून मुंबईच्या कॉलेजात जायचो. गाडीत भाजीचे हारे, फुलांच्या पाट्या, आणि आम्ही चार पोरं 'येरू'चा एक अंक चौघांत वाचत. मग आपणही काढायचा असं ठरलं. एका शाळेत सायक्लोस्टाइल होतं, तिथल्या कारकुनांनी रविवारी दोन तास वापरू दिलं. मराठी टंकयंत्र नव्हतं, म्हणून सोळा पानं हाताने कोरली. ऐंशी प्रती निघाल्या. त्यात आमच्यातल्या एकाने आपल्या सामवेदी बोलीत, कादोडीत, एक कविता लिहिली होती. विषय काही क्रांतीचा नव्हता, विहिरीवरच्या रहाटाचा होता. अंक घरी दाखवला तेव्हा आमच्या घरातल्या वडीलधाऱ्यांनी तो शांतपणे चाळला आणि त्या पानावर थांबून म्हणाले, "बाळ, ही बोली छापायची असते काय?" रागाने नाही, खरोखर कुतूहलाने. आम्हाला तेव्हा हसू आलं. पण चळवळीचा प्रश्न त्यांनी आमच्यापेक्षा नेमका पकडला होता.

कारण १९६३ साली मराठी गद्यात जे झालं ते याच प्रश्नाभोवती. नेमाड्यांची 'कोसला' त्या वर्षी आली. लोक तिची तुलना सॅलिंजरच्या 'कॅचर इन द राय'शी करतात. दोन्हीत कॉलेजवयीन मुलगा, दोन्हीत वैताग, दोन्हीत लहान बहीण, झालं काम. आम्हाला ती तुलना उथळ वाटते. पांडुरंग सांगवीकर रोजनिशी लिहितो, मध्येच बखरीच्या थाटात बोलतो, महानुभाव गद्याची चाल पकडतो. मनीचा मृत्यू येतो तेव्हा ही सगळी थट्टा घशात अडकते. ही घडण न्यूयॉर्कहून आलेली नाही. त्याच वर्षी बाबूराव बागुलांचं 'जेव्हा मी जात चोरली होती' आलं. १९६५ साली भाऊ पाध्यांचं 'वासूनाका' आलं, आणि त्यातली नाक्यावरची पोरं जशी बोलतात तशी बोलली म्हणून आचार्य अत्र्यांसारखा माणूस, जो स्वतः कुणाच्या जिभेला लगाम घालू देत नसे, तो खवळला.

आता ज्या शब्दासाठी तुम्ही आलात तो घेऊ. उत्तराधुनिक. काहीजण आधुनिकोत्तर म्हणतात, काही फरक पडत नाही.

अमेरिकेत बीट मंडळींनी घर सोडलं, पुढची पायरी बरोजने घेतली. १९५९ साली पॅरिसमध्ये ब्रायन गायसिन नावाच्या चित्रकार मित्राने वर्तमानपत्रं कापता कापता तुकडे शेजारी ठेवले आणि भलतीच वाक्यं तयार झाली. बरोजने त्याची पद्धतच केली. मजकूर कापायचा, फेरफार करून जोडायचा. लेखक कोण, हा प्रश्न कात्रीने सोडवला. मग व्हॉनेगट, पिंचन, बार्थ. बार्थने १९६७ साली लिहिलं की कादंबरीच्या जुन्या शक्यता वापरून वापरून संपल्या आहेत, आता त्या संपण्याशीच खेळायचं. १९६९ साली लेस्ली फीडलर या समीक्षकाने उच्च साहित्य आणि बाजारू साहित्य यांतली वेस ओलांडा असा लेख लिहिला, आणि तो छापला कुठे, तर 'प्लेबॉय'मध्ये. लेखाचा मुद्दा लेखाच्या पत्त्यानेच सिद्ध झाला. आणि १९७९ साली फ्रेंच तत्त्वज्ञ ल्योतार यांचं ते प्रसिद्ध पुस्तक आलं. पुष्कळांना ठाऊक नसतं की ते मुळात सरकारी अहवाल होतं, कॅनडातल्या क्विबेक प्रांताच्या विद्यापीठ परिषदेने मागवलेलं. आयुष्यभर विद्यापीठाचे अहवाल लिहून आमच्या हातून असं काही झालं नाही याचं वाईट वाटतं.

ल्योतार यांचं म्हणणं सोप्या भाषेत असं. समाज मोठ्या कथांवर चालतो. विज्ञानाने माणूस मुक्त होईल, ही एक कथा. कामगार क्रांती करेल, ही दुसरी. राष्ट्र, प्रगती, धर्म. या मोठ्या कथांना ते महाकथनं म्हणतात, आणि त्यांवरचा विश्वास उडणं म्हणजे उत्तराधुनिक अवस्था. मग उरतात छोट्या छोट्या कथा, ज्याची त्याची आपली.

या कसोटीवर मराठीत कोलटकर चपखल बसतात. 'जेजुरी' १९७६ साली पुस्तक म्हणून आलं, पुढच्या वर्षी त्याला राष्ट्रकुल पुरस्कार मिळाला. कवी एकाच वेळी दोन भाषांत लिहितो, मूळ कुठलं नि अनुवाद कुठला ते सांगता येऊ नये अशा बेताने. देवळात देव आहे की गोठा आहे हे ठरवत नाही. दगड आणि देव यांच्यातली रेघ पुसट ठेवतो. नेमाड्यांना त्यातली नजर पर्यटकाची वाटली. आम्हाला तसं वाटत नाही. दीपमाळ, मोडकं दार, कुत्रीची पिल्लं यांच्याकडे इतका वेळ पाहणारा माणूस पर्यटक नसतो, पर्यटकाला परतीची गाडी असते. असो, त्या वादात शिरलो तर रात्र होईल.

अडचण कोलटकरांपाशी येत नाही. ती पुढे येते.

त्यासाठी पुन्हा कोलंबिया विद्यापीठात जावं लागेल. गिन्सबर्ग-केरुॲक तिथे भेटले त्याच्या तीस वर्षं आधी, १९१३ ते १९१६, तिथे डॉ. बाबासाहेब आंबेडकर शिकत होते. जॉन ड्यूई हे तत्त्वज्ञ त्यांचे प्राध्यापक. ड्यूई यांचं सांगणं असं की एखादा विचार खरा की खोटा हे तो जगण्यात वापरून, त्याचे परिणाम तपासून ठरतं. आता साल घ्या १९५६. ऑक्टोबरच्या १४ तारखेला नागपुरात बाबासाहेबांनी लाखो अनुयायांसह बौद्ध धम्माची दीक्षा घेतली. त्यानंतर काही आठवड्यांतच सॅन फ्रान्सिस्कोत 'हाऊल' प्रकाशित झाली. त्याच वर्षी स्नायडर झेन शिकायला जपानला गेला. दोनच वर्षांनी केरुॲकची 'द धर्मा बम्स' आली. एकाच विद्यापीठाच्या आवारातून दोन वाटा निघाल्या आणि दोन्ही बुद्धापाशी पोहोचल्या. एकीला सुखाचा कंटाळा आला होता, तिला मनःशांती हवी होती. दुसरीला पाणवठा हवा होता, माणूसपण हवं होतं.

आणि बुद्ध तर आपल्या शेजारीच. भगवानलाल इंद्रजींनी १८८२ साली सोपाऱ्याचा कोट खणला तेव्हा आत दगडी पेटी निघाली, पेटीत अवशेषांचा करंडा. अशोकाच्या शिलालेखाचा तुकडाही त्याच सुमारास सोपाऱ्यात सापडला. त्याआधी किती पिढ्या आपले लोक त्या टेकाडावर गुरं चारत असतील, खाली काय आहे ते न कळता.

बाबासाहेबांच्या वाटेने जे कवी आले त्यांत नामदेव ढसाळ. जन्म १९४९चा, पुण्याजवळच्या खेड्यातला, बालपण मुंबईच्या ढोर चाळीत. टॅक्सी चालवायचे. 'गोलपिठा' १९७२च्या आसपास आलं. प्रस्तावना विजय तेंडुलकरांची. त्या वस्तीची आणि त्या शब्दांची ओळख व्हावी म्हणून तेंडुलकर स्वतः ढसाळांबरोबर तिथे फिरले, शब्दांचे अर्थ विचारून घेतले. तेंडुलकरांसारखा लेखक, ज्याचं मराठी इतकं धारदार, त्यालाही शब्द विचारावे लागले.

आता घरची गोष्ट ऐका. आमच्या नात्यातले एक काका दूधवाले. वसईचे दूधवाले मुंबईभर दूध घालायचे हे तुम्हाला सांगायला नको. हे काका पहाटेच्या गाडीने ग्रँट रोडला उतरत आणि त्या गल्ल्यांतून वर्षानुवर्षं रतीब घालत. आम्ही एम.ए.ला होतो. उत्साहात त्यांना 'गोलपिठा'तली दोन पानं वाचून दाखवली, म्हटलं बघू काय म्हणतात. काकांना एकही शब्द अडला नाही. उलट एका ठिकाणी आम्ही अर्थ चुकीचा घेतला होता, तो त्यांनी सुधारून दिला, जरा लाजत. मग बराच वेळ गप्प बसले. म्हणाले, "हे खरं आहे. मी रोज बघतो. पण हे लिहितात?" दोन वर्षांपूर्वी ज्यांनी कादोडीबद्दल विचारलं तेही त्या वेळी खोलीत होते. दोघांचा प्रश्न एकच होता.

त्याच १९७२ साली ढसाळ, राजा ढाले, ज. वि. पवार यांनी दलित पँथर उभी केली. नाव अमेरिकेतल्या ब्लॅक पँथरवरून, १९६६ साली ओकलंडमध्ये निघालेल्या. बीट कवींचं बोट सोडून मराठी लेखकांनी आता दुसऱ्याच अमेरिकेचा हात धरला होता. 'साधना'च्या १५ ऑगस्ट १९७२च्या अंकात ढाल्यांचा 'काळा स्वातंत्र्यदिन' हा लेख आला. दलित स्त्रीच्या अब्रूला आणि राष्ट्रध्वजाच्या अपमानाला कायदा काय किंमत लावतो, हा त्यातला प्रश्न. किती गदारोळ झाला ते आमच्या वयाच्या मंडळींना आठवत असेल. ल्योतार यांनी महाकथनांवरचा अविश्वास १९७९ साली मांडला. 'राष्ट्र' या महाकथनावरचा अविश्वास 'साधना'त त्याच्या सात वर्षं आधी छापून आला होता.

आणि म्हणून, मंडळी, आम्ही १९९०च्या दशकात वर्गात ठोकून सांगायचो की ढसाळ हे मराठीतले खरे उत्तराधुनिक कवी. तुटक प्रतिमा, शिवी आणि ऋचा एका ओळीत, भाषेची मोडतोड, सगळी लक्षणं जुळत होती. फळ्यावर दोन रकाने काढून ती जुळवून दाखवायचो. एकदा मागच्या बाकावरचा एक मुलगा उभा राहिला. मराठवाड्यातला होता, वसतिगृहात राहायचा, सहसा बोलायचा नाही. म्हणाला, "सर, मोठी कथा खोटी असते आणि प्रत्येकाची आपापली कथा असते, हे समजलं. मग अठ्ठ्याहत्तर साली नामांतराच्या वेळी आमच्याकडे घरं जाळली, ती पण एक कथाच का? जाळणाऱ्यांची वेगळी आणि आमची वेगळी?"

आम्ही काहीतरी उत्तर दिलं. काय दिलं ते आठवत नाही, त्यावरूनच ते किती पोकळ असेल ते समजा. तास संपल्याची घंटा झाली याचं बरं वाटलं हे मात्र स्वच्छ आठवतं. चाळीस मिनिटं तत्त्वज्ञान शिकवून घंटेने सुटका झालेला प्राध्यापक, याहून केविलवाणं दृश्य नसेल.

तो प्रश्न आम्ही निवृत्त झालो तरी सुटलेला नाही, पण आज आम्हाला एवढं म्हणता येतं. 'हे कोण सांगतंय?' असा संशय घेणं, हा उत्तराधुनिक विचाराचा पहिला अर्धा भाग आपल्या कवींना हवा होता आणि तो त्यांनी पुस्तक न वाचताच आत्मसात केला होता. ज्याला लिहूच दिलं नाही त्याला तो संशय जन्मतःच असतो. पण 'म्हणून खरं असं काही नसतं' हा दुसरा अर्धा भाग त्यांनी घेतला नाही, घेणं परवडणारंही नव्हतं. ढसाळांची भाषा मोडलेली आहे, पण ती साक्ष आहे. साक्षीदाराला सत्य लागतं. तिथे ते ल्योतार यांच्यापेक्षा ड्यूई यांच्या जवळ आहेत, म्हणजे बाबासाहेबांच्या जवळ आहेत. केरुॲकला रस्ता सापडला कारण त्याच्यामागे घर होतं, तो थकला की आईकडे परत यायचा. ढोर चाळीतल्या मुलाला 'घर सोडून जा' हे बंड कसं पुरणार? त्यामुळे अमेरिकन बंडखोरीचं टोक जिथे पोहोचलं, खेळ, कात्री, संपलेल्या शक्यता, तिथे मराठीतली मुख्य वाट गेली नाही. कोलटकर त्या टोकाच्या जवळ जाऊन आले. मनोहर ओकांसारखे काही त्या वाटेवर फिरले आणि त्याची किंमत त्यांनी शरीराने मोजली. पण ज्या वाटेवर पुढे माणसं चालत राहिली ती 'गोलपिठा'ची.

कुणी म्हणेल, मग उत्तराधुनिक हा शब्द मराठीला लावूच नये का? लावा, पण लेबल चिकटवण्याआधी बाटलीत काय आहे ते हुंगून बघा. आमच्या विद्यार्थ्यांनी प्रबंधांत तो शब्द चिंचेसारखा वापरलाय, कशातही टाकला की चव येते म्हणून. मार्गदर्शक म्हणून सह्या आमच्याच आहेत, तेव्हा तक्रार तरी कुणाकडे करायची.

वेळ होत आली, प्रश्नही घ्यायचे आहेत. आमच्या त्या १९७०च्या अंकाचा दुसरा अंक कधी निघाला नाही. पहिल्याचेच पैसे फिटायला वर्ष लागलं. रहाटावरची कविता लिहिणारा आमचा मित्र पुढे नोकरीला लागला आणि लिहायचं थांबला. आता आपल्या कादोडीत अंक निघतात, लग्नाच्या पत्रिकाही निघतात, तेव्हा 'ही बोली छापायची असते काय' हे कुणी विचारत नाही. ऐंशींपैकी एक प्रत आमच्याकडे उरली आहे, ती आज आणली आहे. मागच्या रांगेपासून फिरवायला सुरुवात करा. कागद कडांना तुटतोय, तेव्हा पानं जरा जपून उलटा. कविता अकराव्या पानावर आहे, शाई पुसट झाली आहे, उजेडाकडे धरलीत तर वाचता येईल.